आक्का, चार क्रेट आणि एक किलो

महाराष्ट्रात ओझर नावाची दोन गावं नावाजलेली आहेत. एका ओझरला विमानं बनतात, दुसऱ्या ओझरला विघ्नं टळतात. मी दुसऱ्याचा. नाशिकजवळच्या ओझरला १९६४ मध्ये मिगसाठी काढलेला विमानांचा कारखाना आहे आणि नाशिकचा विमानतळही तिथंच. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या ओझरला कुकडीच्या काठी विघ्नहराचं देऊळ आहे, येडगाव धरणाचं पाणी आहे आणि चतुर्थीला गाडी लावायला जागा नाही. दोन्ही ओझरांमध्ये दीडशे किलोमीटरचं अंतर आहे, पण मोबाइलमधल्या नकाशाला ते नेहमीच कळतं असं नाही. एकदा एक तरुण चाकांची बॅग खडखडवत थेट देवळाच्या दाराशी आला आणि 'डिपार्चर कुठून?' म्हणून विचारू लागला. हारवाल्यानं त्याला आधी चपला काढायला लावल्या, मग दर्शन घडवलं आणि मग नाशिकचा रस्ता दाखवला. विमान तर गेलंच होतं. नारळ तेवढा पदरात पडला.

तर पुतण्याचा ऑस्ट्रेलियातून फोन आला, तेव्हा त्यानंही हीच गफलत केली. "काका, आपल्या ओझरला एवढी मोठी धावपट्टी कधी झाली? मी नुसतं गावाचं नाव टाकलं, तर सॉफ्टवेअर म्हणतं, उतरा."

"अरे, ते नाशिकचं. आपल्याकडं धावणारं असं बैलगाड्यांच्या घाटापलीकडं काही नाही. आणि त्यावरही काही वर्षं कोर्टाची बंदी होती."

"असू द्या. तुम्ही जुलैत या. इकडं तेव्हा थंडी असते. आत्यालाही आणा. वाळवंटातल्या आयर सरोवरात पाणी आलंय, ते दाखवतो. विमानानं जाऊ."

"त्या विमानाचं तिकीट किती?"

"तिकीट नसतं, काका. विमान मी चालवणार."

मी फोन कानापासून जरा लांब धरला. हा पुतण्या म्हणजे ज्यानं सातवीत असताना माझी लुना येडगावच्या डाव्या कालव्यात घातली होती. स्वतः पोहत बाहेर आला आणि लुना दोन दिवसांनी आवर्तन बंद झाल्यावर निघाली. आता अॅडलेडच्या कुठल्याशा फ्लाइंग क्लबात त्यानं रीतसर परवाना काढला होता. परवाना लुनाचाही नंतर काढलाच होता म्हणा.

आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मी हे भीत भीत सांगितलं. वय चौऱ्याहत्तर. विमानात एकदाही बसलेली नाही. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला म्हणावं, नीट चालीव. कालव्याच्या कडंनं नको." झाली संमती.

*

मला वाटलं, आता बॅगा भरायच्या. पण लहान विमानाचा प्रवास बॅगेपासून सुरू होत नाही, वजनकाट्यापासून होतो. दुसऱ्याच दिवशी निरोप आला: 'काकूसकट तिघांची वजनं पाठवा. अंगावरच्या कपड्यांसकट, पायताणासकट. आणि खरी.'

त्या 'खरी'वर घरात दोन दिवस वाद झाला.

हे विमान म्हणजे सेसना १७२. १९५६ पासून बनतंय आणि आजवर चव्वेचाळीस हजारांच्या वर झालीत. जगात दुसरं कुठलंही विमान एवढ्या संख्येनं बनलेलं नाही. थोडक्यात, विमानांमधली बजाज एम-८०. पंख वर, चाकं खाली, पुढं एक पंखा आणि आत चार खुर्च्या. पुतण्यानं फोनवर हिशेब मांडला. रिकाम्या विमानावर माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण चारशे किलो घालता येतात. टाकी गच्च भरली तर दोनशे लिटर. हे पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोही भरत नाही, तरी १४४ किलो झालेच. उरले २५६.

"पण खुर्च्या चार आहेत ना?" मी विचारलं.

"आहेत."

"मग?"

"चार खुर्च्या आहेत म्हणजे चार माणसं बसतीलच असं नाही, काका."

हे वाक्य नारायणगावच्या स्टँडवर मोठ्यानं म्हणून पाहावं. आमच्या जीपवाल्यांचं सारं शास्त्र याच्या बरोबर उलटं आहे. नऊ खुर्च्या म्हणजे नऊ माणसं, हा त्यांच्या दृष्टीनं कल्पनेचा दुष्काळ. चौदा माणसं, दोन करडं आणि टपावर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन जीप ओझरकडं निघते, वाटेत आणखी एकजण हात करतो आणि जीपवाला आतल्या चौदांकडं बघून एकच शब्द उच्चारतो: "बसंल की." आणि बसतो! कुठं बसतो ते पदार्थविज्ञानाला माहीत नाही. मी शाळेत तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, मलाही माहीत नाही.

पुतण्याचं पुढचं म्हणणं असं, की वजन किती याच्याइतकंच ते कुठं, यालाही महत्त्व. मागं जड झालं, तर विमानाचं नाक वर जातं आणि ते आवरत नाही. मी हे आक्काला पुस्तकी भाषेत गुरुत्वमध्य वगैरे घालून समजावत होतो. ती मधेच म्हणाली, "म्हंजी गाडी उलाळू नये, येवढंच ना? मंग यवढा वेळ काय सांगतो?" बैलगाडी भरलेल्या माणसाला विमानाचं निम्मं शास्त्र आधीच येत असतं.

पण वजन करून घ्यायला मात्र ती तयार नव्हती. "मपलं वजन त्याला कशाला पाहिजे? मी काय बैल हाये का?" घरात काटा नाही. दवाखान्यातल्या काट्यावर तिचा विश्वास नाही, कारण तिथं वजन केल्यावर भात बंद करतात. शेवटी ज्या काट्यावर तिचा आयुष्यभराचा विश्वास आहे, तिकडंच गेलो: नारायणगावचा टोमॅटो बाजार.

जुन्नर बाजार समितीचा हा उपबाजार म्हणजे टोमॅटोच्या हंगामात आमचं शेअर मार्केट. सगळा हिशेब वीस किलोच्या क्रेटमध्ये. एखाद्या वर्षी भाव एवढा पडतो, की माणसं माल रस्त्याकडेला ओतून मोकळे क्रेट घेऊन घरी जातात. आणि २०२३ च्या जुलैसारखा एखादा महिना येतो, तेव्हा क्रेटला दोन हजारांच्या वर भाव जातो आणि शेतावर राखण बसते. आम्ही गेलो त्या सकाळी आडतदार जरा रिकामा होता. मी त्याला बाजूला घेऊन हळूच अडचण सांगितली. त्यानं ती मोठ्यानं सगळ्या गाळ्याला सांगितली.

आक्का नऊवारी सावरून, चपला घालून, हातात पिशवी घेऊन काट्यावर चढली. आकडे इकडंतिकडं पळाले आणि थांबले.

"एक्क्याऐंशी!" आडतदारानं सवयीनं पुकारा केला. "चार क्रेट आणि एक किलो!"

"आरं, कडता कापला का?" आक्का काट्यावरूनच कडाडली. "क्रेटचं वजन वजा करतो, मपल्या लुगड्याचं कोण करील?"

"आक्का, विमानवाल्याला लुगड्यासकटच पाहिजे," मी म्हणालो.

"२०२३ च्या भावानं आक्का आठ हजारांवर गेल्या असत्या," मागून एक हमाल म्हणाला. त्यावर आक्का खूश झाली. कुणी तिचा भाव काढला, याचा तिला अपमान वाटला नाही. भाव पडलेल्या वर्षीचा काढला नाही, हे महत्त्वाचं.

मी चौसष्ट भरलो, म्हणजे तीन क्रेट चार किलो. कुणी भाव काढला नाही. पुतण्या अठ्ठ्याहत्तर. आमच्या मंडळींना घरी येऊन सांगितलं, तर ही शांतपणे म्हणाली, "मी टोमॅटो नाही. मी सूनबाईजवळ अॅडलेडला थांबेन. तुम्ही तुमचे क्रेट घेऊन जा."

आणि काय सांगू, गणित सुटलं. तिघं मिळून २२३. उरले ३३. त्यातले वीस किलो वाळवंटात न्यावंच लागणारं पाणी आणि अडीअडचणीचं सामान. राहिले तेरा किलो सामानाला. घरात एक मानी माणूस असला की सगळ्यांची सोय होते.

*

तेरा किलोंत आक्काची पिशवीच अकरा किलोंची. पुतण्यानं तिथून मोजायची नवीन रीत काढली. विमानात जे वजन चढतं, तेवढं इंधन कमी घ्यावं लागतं आणि इंधन म्हणजे हवेत राहण्याचा वेळ. तासाला अडतीस लिटर. त्यानं भागाकार केला आणि म्हणाला, "आत्या, तुझा लोखंडी तवा म्हणजे साडेचार मिनिटं."

घरात नवं चलन सुरू झालं. बाजरीचं तीन किलो पीठ: साडेसहा मिनिटं. माझी प्रवासात वाचायची, म्हणजे प्रवासात न्यायची पुस्तकं: तीन मिनिटं. निवृत्तीच्या सत्काराची शाल: अर्धं मिनिट. आक्काच्या गोळ्या-औषधांचा डबा: दोन मिनिटं, पण तो जगण्याच्या मिनिटांत धरावा असं तिचं म्हणणं. तवा गळला. पीठ अर्ध्यावर आलं. पुस्तकं मी स्वतःच काढली, तेव्हा कुणीही थांबवलं नाही.

त्याच आठवड्यात पुतण्याची दुसरी यादी आली, ती विघ्नांची. इंजिन बंद पडलं तर काय, वारा फिरला तर काय, ढग खाली आले तर काय, पुढच्या मुक्कामी पेट्रोल संपलेलं असलं तर काय. (तिथं आधी फोन करून विचारायचं. नुसतं 'असेल' चालत नाही.) धावपट्टीवर गुरं किंवा कांगारू बसलेले असले तर काय. तर आधी वरून एक फेरी मारून बघायचं आणि मग उतरायचं. समजा मोकळ्या रानात उतरावं लागलं, तर विमान सोडून कुठंही जायचं नाही, कारण वरून माणूस दिसत नाही, विमान दिसतं.

मी ती यादी वाचून गार झालो. आमच्या गावाची रीत अशी नाही. आमच्याकडं विघ्नासुराची गोष्ट प्रत्येक पोराला पाठ असते. गणपतीनं त्याला हरवलं, तेव्हा तो शरण आला आणि जिथं गणेशाची पूजा होते तिथं जायचं नाही, असं त्याच्यावर बंधन घातलं. बदल्यात देवानं त्याचं नाव स्वतःच्या नावाआधी लावून घेतलं. करार पक्का आहे. त्यामुळं ओझरचा माणूस टायर गुळगुळीत झालेला असला, तरी निघताना देवळाच्या कळसाकडं बघून हात जोडतो आणि गाडी दामटतो. वसई जिंकून आल्यावर चिमाजी अप्पांनी या कळसाला सोनं चढवलं असं सांगतात, पण वसईच्या मोहिमेला त्यांनी नुसते हात जोडले नव्हते. १७३७ ते १७३९, दोन वर्षं लागली होती. पुतण्या चिमाजी अप्पांच्या पंथातला निघाला, आम्ही जीपवाल्याच्या.

यादीतलं शेवटचं कलम मात्र आक्काला फार आवडलं. निघण्याआधी तिथल्या विमानवाहतूक खात्याला एक वेळ सांगून ठेवायची: अमुक वाजेपर्यंत पोचतो. पोचल्यावर फोन करून 'पोचलो' म्हणायचं. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही, की ते शोध सुरू करतात.

"लगेच?" आक्कानं विचारलं.

"लगेच. म्हणून वेळ सांगतानाच अर्धा-पाऊण तास वाढवून सांगायची. इंधन कसं अर्धा तासाचं राखीव ठेवतो, तसं."

आक्का बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुमचं दाजी तमाशाच्या फडामागं नारायणगावाहून निघालं, की चार-चार दिवस पत्ता नसायचा. मी कुणाला सांगितली आसती वेळ?"

*

ऑस्ट्रेलियात शिरताना आक्कानं कनवटीला लावलेल्या विघ्नहराच्या दूर्वा तिथल्या अधिकारी बाईंनी ठेवून घेतल्या. हिरवं काही आत नेता येत नाही. आक्कानं भांडण केलं नाही. "त्यांच्या रानात रोग नको जायला," एवढंच म्हणाली. द्राक्षबागांच्या तालुक्यातल्या बाईला डावणी काय असते ते माहीत असतं.

पहिल्या दिवशी वारा होता, म्हणून जाणं रद्द. कोरडं निरभ्र ऊन पडलेलं आणि हा म्हणे, रद्द. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच विमानापाशी गेलो. दुपारी वाळवंटाची जमीन तापली की हवा उसळते आणि विमान गचके खातं, म्हणून सकाळची वेळ. ते विमान जवळून बघितल्यावर मला आमच्या लुनाची आठवण झाली आणि मी ती ताबडतोब विसरलो. पुतण्यानं पंखाखालच्या नळीतून थोडं पेट्रोल एका पारदर्शक पेल्यात काढलं आणि उजेडाकडं धरलं. निळसर रंग. खाली पाण्याचा थेंब नाही ना, ते तो बघत होता.

"डेरीवानी," आक्का म्हणाली. "तिथं बी आसंच पाणी बघत्यात."

"अगदी तसंच, आत्या."

"आणि निघालं तर?"

"परत घालायचं नाही. ओतून द्यायचं."

"तिथं परत घालत्यात," आक्का म्हणाली.

उलाळू नये म्हणून चार क्रेट पुढं पुतण्याशेजारी, मी मागं सामानाजवळ. कानाला बोलायचे-ऐकायचे मोठे डबे. ते डोक्यावर बसवायला आक्काचा अंबाडा सोडावा लागला. पुतण्या कंट्रोल टॉवरशी बोलायला लागला, की आक्का मधूनच "व्हय, व्हय" म्हणायची. तिचा आवाज फक्त आम्हा दोघांनाच ऐकू येत होता, असं पुतण्यानं मला नंतर शपथेवर सांगितलं.

अॅडलेडहून विल्यम क्रीक सातशे किलोमीटर, साडेतीन तासांचं अंतर. टाकी पाच तासांची. पण विमानाची टाकी पाच तासांची असली, तरी आमच्या टाक्या दोन तासांच्या आहेत, हे यादीत मीच लिहायला लावलं होतं. त्यामुळं पोर्ट ऑगस्टाला उतरलो, सगळ्यांनी आपापलं काम उरकलं आणि पुन्हा वर.

त्यापुढं खाली काहीच नव्हतं. लाल माती, पुन्हा लाल माती आणि एक सरळ रस्ता, ज्यावर अर्ध्या तासात एकच गाडी दिसली. आमच्याकडं एवढ्या वेळात तीन गावं, दोन साखर कारखान्यांच्या पाट्या आणि नऊ वाढदिवसांचे फलक होतात. आक्कानं विचारलं, इथं कुणाला काही झालं तर डाक्तर कुठून येतो? विमानानंच येतो. १९२८ पासून. जॉन फ्लिन नावाच्या पाद्र्यानं क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून ही सेवा सुरू केली, तेव्हा आमच्या भागात बाळंतिणीला खाटेवर घालून नेत होते. काही वाड्यांवर अजूनही नेतात, पण ते आक्काला ठाऊक होतं.

"आता खाली दिसतंय ती अॅना क्रीकची जमीन," पुतण्या म्हणाला. "गुरं पाळायची. एकाच मालकाची."

"कुठवर?"

"मघाशी सुरू झाली. उतरेपर्यंत तीच आहे. साधारण चोवीस हजार चौरस किलोमीटर."

मी मनात भागाकार केला. आमचा सगळा पुणे जिल्हा साडेपंधरा हजारांचा. म्हणजे दीड पुणे जिल्हा एका मालकाच्या नावावर. आक्का खाली बघत राहिली. ओझरला तिचा आणि चुलत दिराचा दीड फुटाच्या बांधावरून १९९१ पासून वाद आहे.

"ह्याचा सातबारा केवढा आसंल रं?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "बांधावर भांडायचं म्हणलं, तरी इमानानं जावं लागंल."

मग सरोवर आलं. कटी थंडा-लेक आयर हे त्याचं सरकारी नाव. पहिला भाग तिथल्या मूळ अरबाना लोकांचा. समुद्रसपाटीपेक्षा पंधरा मीटर खोल, साडेनऊ हजार चौरस किलोमीटर, आणि बहुतेक वर्षं नुसतं मीठ. २०२५ च्या मार्चअखेर क्वीन्सलँडात पाऊस कोसळला, तो पूर हजार किलोमीटर वाळवंटातून सरपटत मे महिन्यात इथं पोचायला लागला. खाली पांढरं, मग गुलाबी, मग आरशासारखं. आभाळ कुठं संपलं ते कळेना. मीही काही बोललो नाही. शिक्षकाच्या बाबतीत ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

आक्काच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, भारावली. पण ती कुकडीच्या लाभक्षेत्रातली बाई आहे.

"भिंत कुठंय?"

"भिंत नाही, आत्या. धरण नाही हे."

"मग आवर्तन कवा सुटतं?"

"सुटत नाही. पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. येतं, आणि इथंच वाळून जातं."

"म्हंजी टेलला पाणी पोचलं नाही म्हणून कुणी बोंबलत बी न्हाई," आक्का म्हणाली. "पुढाऱ्यांची सोय न्हाई कायच."

विल्यम क्रीकला वरून फेरी मारली. गुरं नव्हती. उतरलो. एक धावपट्टी, एक हॉटेल, काही विमानं, वस्ती दहाबारा माणसांची. आक्का धावपट्टीवर उभी राहून चहूकडं बघत म्हणाली, "गाव कुठंय?" पुतण्या म्हणाला, "हेच." मग त्यानं आधी फोन लावला आणि कुणाला तरी सांगितलं, की आम्ही पोचलो. सांगितलेल्या वेळेला अजून चाळीस मिनिटं बाकी होती. आक्का त्याच्याकडं बघत राहिली. सरोवरापेक्षा जास्त वेळ, असं मला वाटलं.

*

परत येऊन आता पाच महिने झाले. आक्का घरातून निघताना वेळ सांगते. नारायणगावला गेली की माझ्या फोनवर "पोचले" एवढाच शब्द येतो. सांगितलेली वेळ टळली, की मी शोध सुरू करायचा, असा तिचा हुकूम. मी आधी हसत होतो.

मागच्या महिन्यात ती मळ्यातल्या भजनाला गेली. सातला येते म्हणाली. सात वाजले, सव्वासात झाले, फोन लागेना. आमच्या भागात तिन्हीसांजेला उसाच्या कडेनं कुणी एकटं जात नाही. बिबट्याचा तालुका आहे. माणिकडोहला पिंजऱ्यातून आणलेले बिबटे ठेवायला केंद्र काढावं लागलंय. मी तिच्या चुलत दिराच्या पोरांना हाक मारली. बांधाचा वाद बाजूला ठेवून सहा-सात जण बॅटऱ्या, काठ्या, डबे वाजवत निघाले. एकानं ट्रॅक्टर काढला. सारा मळा पालथा घातला.

आक्का भजनाच्याच घरी ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खात होती. फोनची बॅटरी संपली होती. दारात आम्ही, पुढं बॅटऱ्या, मागं धडधडता ट्रॅक्टर. तिनं हातातला घास खाली ठेवला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सात वाजून छत्तीस मिनिटं.

"सहाच मिंटं जादा झाली," ती म्हणाली. "अर्धा तास राखीव धरायचा ह्ये तुम्हाला ठावं न्हाई का रं? आन् ट्रॅक्टर कशाला आणला? बरं, आणलाच तर थांबा. ह्या बायांना बी सोडायचंय."

बाया अकरा होत्या. मी ट्रॅक्टरकडं बघितलं, बायांकडं बघितलं, आणि मनातल्या मनात किलो मांडायला लागलो. पोरगं स्टिअरिंगवरून म्हणालं, "बसतील की."